मारी चुनी

॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
२२ नोव्हेंबर १९९३

सौ. विहीणबाई चारुलताबाई यांस,

सा. न. वि. वि.

तुमचा फराळाचा डबा इंदुराहून सुखरूप आला. चिरोट्यांचा रस्त्यात जरा भुगा झाला होता. पण डाळ मिलवाल्याला भुग्याचं काय वावडं? चमच्यानं खाल्ले. अनारसे मात्र अवनीनं मला दिले नाहीत. "इंदूरच्या आजीचे आहेत, तुमचे नाहीत," म्हणाली. नात तुमच्यावर गेली आहे.

दिवाळीनंतर लाभपाचमेला मिल उघडली. सावली गावी, मिलमध्येच पूजा ठेवली होती. या वेळी अवनीला बरोबर नेलं. सूनबाईंना फारसं पटलं नव्हतं, पण चौथं लागलेली पोर, आजोबांची मिल तिनं पाहायची तरी कधी? मुहूर्ताची तूर घातली, रोल फिरला, आणि बाईसाहेब टाळ्या पिटायला लागल्या. कामावरच्या बायकांनी नव्या साड्या, दागिने घातले होते, त्यांच्या मांडीवरून ही खाली उतरेना. मध्येच एकदा मोठा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद. मी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं आणि म्हटलं, "बघ, इंदूरच्या आजी आठवण काढताहेत." थोड्या वेळानं थांबला. खरं सांगा, गुरुवारी दुपारी तुम्ही आठवण काढली होती की नाही?

तिकडे भास्करराव काय म्हणतात? त्यांना सांगा, आता माझी गुजराती सुधारली आहे. लग्नात आचाऱ्यानं "तमे नवरा छो?" असं विचारलं, तेव्हा मी "नाही हो, मी नवऱ्याचा बाप, नवरा तिकडे बोहल्यावर आहे," म्हटलं होतं. त्यावरून तुम्ही अख्खा मांडव हसवलात. बिचारा मला मोकळा वेळ आहे का एवढंच विचारत होता. पाच वर्षं झाली, भास्करराव अजून मला पत्रात "नवऱ्याचे बाप" लिहितात. चालायचंच. तुम्ही संस्थानच्या दप्तरदारांच्या घरातल्या, आम्ही अमळनेरहून पोती मोजायला आलेले. भाषा बाजारात जेवढी मिळाली तेवढी घेतली.

उन्मेष आणि सूनबाई मजेत.

आपला,
विश्वंभर

*

इंदूर
३ डिसेंबर १९९३

श्री. विश्वंभरराव यांस,

स. न. वि. वि.

ठसका आमचाच! पाचमीला दुपारी मी अवनीचं झबलं पेटीतून काढून उन्हात टाकत होते, हे अगदी खरं. ह्यांना पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बडोद्यापर्यंत पोचतो म्हणजे टपालापेक्षा बरा आहे."

चिरोट्यांचा भुगा झाला म्हणून तुम्ही गोड मानून घेतलंत, पण पुढच्या वेळी मी पत्र्याचा डबा पाठवीन. आणि नवऱ्याच्या बापाचा किस्सा मी मरेपर्यंत सांगणार. बडोद्याला आमच्या रावपुऱ्याच्या माहेरघरी आम्ही दोन्ही भाषा एका ताटात जेवलो, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही की एकच शब्द दोन घरी नांदतो तेव्हा काय काय करतो. तुमच्यामुळे कळलं.

पोरीला मिलमध्ये फार नेऊ नका. तिथे केवढी ती धूळ! आमच्या तेजश्रीच्या पत्रात थोडा खोकला आहे असं होतं. रात्री हळद-दूध द्यायला सांगा.

आपली,
चारुलता

*

सुभानपुरा, बडोदे
१९ डिसेंबर १९९३

सौ. विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

हळद-दूध चालू आहे. काळजीचं काही नाही. थंडीचे दिवस आहेत, सोसायटीतली निम्मी पोरं खोकताहेत.

सूनबाई अवनीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. मी मिलमध्ये होतो, त्यामुळे काय झालं ते संध्याकाळी ऐकलं. डॉक्टर चांगले आहेत, पुष्कळ विचारतात. घरात कुणाला दमा आहे का, कुत्रं-मांजर आहे का, पोरीनं काही गिळलंय का, शेंगदाणा, चिंचोका वगैरे. सूनबाई म्हणाल्या, नाही, मी डोळ्यांत तेल घालून असते. आणि असतातच. मग डॉक्टर म्हणाले, बालदमा असेल. औषध दिलं आहे, वाफाराही सांगितला आहे. मोठी झाली की जातो म्हणे.

झोपली की श्वासात बारीक शिटी वाजते. मिलमध्ये पट्टा सैल झाला की असाच आवाज येतो, पण पट्टा आवळता येतो. असो. शिटीसुद्धा कमी झाली आहे.

तुरीचा नवा माल महिन्याभरात येईल. भाव कुठे जातात कुणास ठाऊक. हल्ली बाहेरच्या देशांतून बोटीनं डाळ येते, आमच्या दलालाला तिथल्या गावांची नावंसुद्धा उच्चारता येत नाहीत.

आपला,
विश्वंभर

*

इंदूर
२ जानेवारी १९९४

श्री. विश्वंभरराव यांस,

नमस्कार.

"काळजीचं काही नाही" असं तुम्ही लिहिलंत. तेजश्रीचं पत्र परवा आलं. तिनं लिहिलं आहे की दोनदा ताप चढला, पोर बसून झोपते, आडवी केली की खोकते, आणि खाणं निम्मं झालं आहे. दोघांची पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकाच घरातून आली आहेत असं वाटेना.

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नये. हा दमा आमच्या घरात कुणाला नाही. तुमच्याही घरात नाही असं तुम्हीच सांगता. मग आला कुठून? तुम्ही रोज संध्याकाळी डाळीची पूड डोक्यापासून पायापर्यंत घेऊन घरी येता, आणि पोर दारातच तुमच्या पायांना मिठी मारते. मी हे स्वतः पाहिलं आहे. शर्टावरून हात फिरवला तर पीठ निघतं. आम्हा मोठ्यांना चालतं ते. तिच्या छातीला नाही चालत.

संक्रांतीनंतर तेजश्री आणि अवनीला इकडे पाठवा. इथली हवा कोरडी आहे. सहा महिने राहू देत. उन्मेषला मी वेगळं लिहीत आहे.

ह्यांचं मत माझ्याहून सौम्य आहे, पण मत तेच आहे.

चारुलता

*

सुभानपुरा, बडोदे
११ जानेवारी १९९४

सौ. विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

राग मानला नाही. थोडा मानला होता, पण उन्मेषनं तुमचं पत्र वाचून वर माझ्याकडे पाहिलं, तेव्हा उरला नाही. त्या दिवसापासून मिलमध्येच आंघोळ करतो, कपडे बदलतो, मग घरी येतो. आता ती दारात मिठी मारते तेव्हा मला साबणाचा वास येतो.

पण न्यायाची गोष्ट बोलतो. पूड पूड म्हणता, तर ही पोर आख्ख्या जन्मात मिलमध्ये एकदाच गेली आहे, त्या लाभपाचमेला. माझ्या अंगावरच्या पुडीनं दमा होत असता, तर तो उन्मेषला लहानपणीच झाला असता. तो तर पोत्यांवर झोपायचा. त्या दिवशी मिलमध्ये तिच्या पोटात गेलं असेल तर ते एवढंच, म्हणून सगळं सांगतो, म्हणजे तुमचं समाधान होईल.

काशीबेन म्हणून आमच्याकडे डाळ निवडायला एक बाई आहे, स्वभावानं गरीब. अवनी तिच्या मांडीवर होती. समोर तुरीच्या चुनीचा ढीग होता. चुनी म्हणजे डाळ फुटताना जो कणकोंडा पडतो तो, आम्ही तो गुरांसाठी विकतो. अवनीला तो ठसका लागला, तशी काशीबेन ओरडली, "शेठ, छोकरी मारी चुनी गळी गई!" माझे कान तिखट आहेत, शब्द जसाच्या तसा लिहिला आहे. ढीग तिच्या वाटणीचा, म्हणून "मारी चुनी", माझी चुनी. मला हसू आलं. मी म्हटलं, "अगं, चुनी खाऊन म्हैस होत नाही कुणी, उलट दूध वाढेल." सगळ्या बायका हसल्या. अवनीचा ठसकाही थांबला. घरी आल्यावर मी हे सांगितलंसुद्धा नाही, सांगण्यासारखं होतंच काय? चिमूटभर कोंडा.

तर माझ्या मिलचा दोष म्हणाल तर तेवढा. तरी तुमचा शब्द खाली पडू देत नाही. संक्रांत झाली की दोघींना मी स्वतः इंदूरला आणून सोडीन. उन्मेषही हो म्हणाला आहे.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

आपला,
विश्वंभर

*

तार
इंदूर, १७ जानेवारी १९९४

अवनीच्या छातीचा फोटो आजच काढा. चुनी म्हणजे नाकातली चमकी. पत्र मागोमाग. चारुलता.

*

इंदूर
१७ जानेवारी १९९४

विश्वंभरराव,

तार करून आत्ताच घरी आले. आधी फोन लावायला एसटीडीच्या दुकानात गेले होते. तो मुलगा फिरवून फिरवून थकला, लाइनच लागेना, म्हणून ह्यांनी तार करायला सांगितलं. तार पोचली असेल तर हे पत्र वाचू नका, आधी दवाखान्यात जा. गेला असाल तर वाचा.

गुजरातीत बायका नाकात घालतात त्या बारीक खड्याला चूनी म्हणतात. आपण चमकी म्हणतो. तुमच्या बाजारात चुनी म्हणजे कोंडा. तिथे दुसऱ्या चूनीचं काम पडत नाही, म्हणून तो अर्थ तुमच्या कानावर कधी आला नसेल. आमच्या रावपुऱ्याच्या घरी धुणं धुणारी होती, तिची चूनी एकदा मोरीत गेली, तेव्हा सगळ्या गल्लीनं मोरी उपसली होती. तुमचं पत्र मी दुपारी वाचत होते. "मारी" या शब्दावर अडकले. कोंड्याच्या ढिगाला कुठली बाई माझा ढीग म्हणून ओरडेल? ती सांगत होती, पोरीनं माझी चमकी गिळली.

आणि तो ठसका. अन्ननळीत गेलं असतं तर असा ठसका लागला नसता. ह्यांचे एक विद्यार्थी डॉक्टर आहेत, त्यांना आत्ताच जाऊन विचारलं. ते म्हणाले, श्वासनळीत काही गेलं की पहिल्यांदा असाच जीव घाबरा होतो. मग ते खाली एका बाजूला जाऊन बसतं आणि सगळं शांत होतं, माणसांना वाटतं गेलं. नंतर खोकला, ताप, शिटी. पुष्कळदा दमा म्हणूनच औषधं देत राहतात. फोटोत धातू स्पष्ट दिसेल म्हणाले. दुर्बिणीतून काढतात. शक्य तितक्या लवकर.

ठसका आमच्या आठवणीचा, असं मी लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाका.

चारुलता

*

सुभानपुरा, बडोदे
५ फेब्रुवारी १९९४

सौ. विहीणबाई यांस,

नमस्कार.

उन्मेषनं फोनवर सांगितलं आहेच. तरी तुम्ही सविस्तर लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

तार मिलवर आली. मी मुनीमाकडून दोनदा वाचून घेतली, मग गाडी काढली. घरी जाऊन अवनीला उचललं, फोटो काढला. फोटो काढणारा पोरगा फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "काका, गळ्यातलं काढायला सांगितलं होतं ना?" तिच्या गळ्यात काहीच नव्हतं. उजव्या बाजूला खाली, फासळ्यांच्या मागे, खडा आणि त्याची दांडी, दोन्ही पांढरी. सराफाच्या काचेखाली ठेवावी इतकी स्वच्छ.

मोठ्या दवाखान्यात नेलं. भूल देऊन तोंडातून सरळ नळी घातली, तिच्या टोकाला दिवा असतो. पहिल्या वेळी निघाली नाही. इतक्या दिवसांत चूनीभोवती मांस वाढलं होतं. चिमटा लागला की रक्त यायचं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ओढली तर नळी फाटेल, आम्ही थांबलो. सूज उतरायची औषधं दिली. आठवड्यानं पुन्हा भूल, पुन्हा नळी. त्या वेळी निघाली.

एका स्टीलच्या वाटीत आणून दाखवली. हातात घेतली. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी विचारलं, "सोन्याची आहे का?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. असं का विचारलं, मलाही माहीत नाही.

काशीबेन दवाखान्यात आली होती. नाक मोकळं होतं. चूनी नवी होती, टोचत होती म्हणून काढून तळहातावर घेतली होती, तेवढ्यात पोरीनं तोंडात टाकली, असं म्हणाली. मी विचारलं, "पुन्हा का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तमे हस्या, शेठ." तुम्ही हसलात. म्हणून तिला वाटलं, काही नसेल, पोटात गेलं ते पडून जाईल. मी तिच्यासाठी रिक्षा बोलावली.

उन्मेष माझ्याशी बोलतो, म्हणजे जेवायला चला, गाडीची किल्ली कुठे आहे, एवढं. सूनबाई आवाज न चढवता वागतात. घरात भांडण झालं असतं तर बरं.

चूनी निघाली पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला आहे. हवा जात नाही. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, उघडू शकतो. व्यायाम द्यायचा. बाटलीत अर्धं पाणी, त्यात रबरी नळी, तिनं जोरानं फुंकून बुडबुडे काढायचे. दिवसातून पुष्कळदा. एप्रिल संपेपर्यंत उघडला नाही, तर तो भाग कापून काढावा लागेल, कारण तसाच ठेवला तर सडतो.

उन्मेष दोघींना घेऊन पुढच्या आठवड्यात इंदूरला येईल. मी येत नाही. तुरीचा हंगाम आहे.

विश्वंभर

*

इंदूर
६ मार्च १९९४

श्री. विश्वंभरराव यांस,

स. न. वि. वि.

तुमची दोन पत्रं आली. एकात तुरीचा भाव, दुसऱ्यात नव्या चाळणीची हकिकत. अवनीचं नाव दोन्हींत नाही. ह्यांनी पत्र उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

तुम्ही विचारत नाही, तरी मी सांगते. ताप नाही. खोकला कमी आहे. वजन थोडं भरलं. पण ती बाटलीला तोंड लावत नाही. नळी पुढे केली की दोन्ही हात तोंडावर ठेवते. आम्ही सगळं करून पाहिलं. बाहुली झाली, गोष्ट झाली, ह्यांनी रागावून पाहिलं, तेजश्री रडली. मग एकदा तीच मला म्हणाली, "आजी, तोंडात काही घालायचं नसतं. घातलं की सुई टोचतात." आणि खरंच आहे हो. जानेवारीपासून आम्ही सगळे हेच तर ओरडतोय. बटण दिसलं, तोंडात घालू नको. पेन्सिल दिसली, तोंडात घालू नको. त्या दवाखान्यात नळी तोंडात घातली ती वेगळीच. आता त्याच माणसांनी म्हणायचं, ही नळी तोंडात घाल. तिनं का ऐकावं?

इथल्या डॉक्टरांनी परवा पाठ तपासली. उजवीकडे खाली अजून काही ऐकू येत नाही म्हणाले. महिना, दीड महिना हातात आहे.

तुमच्यावर मी रागावले होते, हे खोटं बोलणार नाही. धुळीवरून तुम्हाला बोल लावला आणि स्वतः दोन महिने ठसक्याच्या कौतुकात राहिले, त्याचा राग जास्त आहे. पण रागाला आता वेळ नाही. ती रोज संध्याकाळी दारात जाऊन उभी राहते. तुमच्या येण्याच्या वेळेला. इथे तुम्ही येणार नाही हे तिला सांगितलंय, तरी.

या.

चारुलता

*

सुभानपुरा, बडोदे
१५ मार्च १९९४

सौ. विहीणबाई यांस,

तुमचं पत्र मिळालं.

येऊन काय करू? उगाच लिहीत नाही, खरंच विचारतो. मला काही वाटेनासं झालं आहे. जेवतो, मिलवर जातो, दलालाशी हसून बोलतो, सौदा बरा होतो. लोकांना वाटतं शेठ सावरले. पाय झोपतो ना बसून बसून, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आहे. ती दारात मिठी मारेल आणि मी खांबासारखा उभा राहीन. पोरांना ते कळतं. मग काय होईल?

तुरीचा माल भरपूर आहे.

विश्वंभर

*

इंदूर
२२ मार्च १९९४

विश्वंभरराव,

खांबाला मिठी मारली तरी चालेल तिला. तिकीट काढा.

चारुलता

*

सुभानपुरा, बडोदे
१३ एप्रिल १९९४

सौ. विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुमच्या घरी आठवडाभर राहिलो, तुम्ही काही कमी पडू दिलं नाही. भास्कररावांनी मला पत्त्यांत हरवलं ते मी बडोद्यात कुणाला सांगणार नाही, त्यांनीही इंदुरात नवऱ्याचा बाप बंद करावं.

एक गोष्ट तिथे असताना बोललो नाही, ती लिहितो. बोललो नाही, कारण बोललो तर मोडेल असं वाटलं.

तुम्ही रोज पाहत होता, मी येऊनही काही फरक पडला नाही. आली, पायांना मिठी मारली, मी डोक्यावर हात ठेवला. बाटली पुढे केली की हात तोंडावर. शनिवारी दुपारी तुम्ही आणि सूनबाई बाजारात गेला होतात, भास्करराव झोपले होते. मी ओसरीवर होतो. बाटली समोर होती. अवनी पलीकडे बाहुलीला आंघोळ घालत होती. मी तिच्यासाठी काही करत नव्हतो, हे खरं सांगतो. रिकामा बसलो होतो, नळी उचलली आणि फुंकायला लागलो. उगाच. नीट फुंकलंही नाही, नळी वाकली होती, बुडबुडा येईना. मी फुंकत राहिलो.

थोड्या वेळानं ती जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पण डॉक्टरांनी सांगितलंय?"

मी म्हटलं, "हो."

"तुमचं काय अडकलंय?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं. दिसत नाहीये."

"फोटो काढला?"

"फोटोत येत नाही म्हणे."

तिनं माझ्या छातीवर हात ठेवून पाहिलं, तिथले डॉक्टर ठेवतात तसा. दोन बोटांनी ठोकलं. मग म्हणाली, "असं नाही हो फुंकायचं. गाल नाही फुगवायचे. पोटातून." तुम्ही तिला रोज सांगत होता, ते सगळं तिला पाठ होतं. मी म्हटलं, "मला नाही जमत." तिनं एकदा दाराकडे पाहिलं, कुणी येतंय का ते. मग नळी माझ्या हातातून घेतली, फ्रॉकला पुसली, आणि तोंडात घातली.

आधी काही नाही. मग एक बुडबुडा आला. मग बरेच. खोकला आला तशी तिनं नळी काढली, घाबरून माझ्याकडे पाहिलं. सुई येणार असं वाटलं असेल. मी काही बोललो नाही. हललोही नाही. मग तिनं पुन्हा घातली. "बघितलंत? आता तुम्ही." मी मुद्दाम चुकलो. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काय हे आजोबा!" आणि पुन्हा करून दाखवलं. तुमचा आवाज आला तशी नळी खाली टाकून बाहुलीकडे पळाली. रविवारी तुम्ही पूजेला बसलात तेव्हा पुन्हा तसंच. सोमवारी सकाळी निघण्याआधी, पुन्हा.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. तसा झाला नाही. बसमध्ये बसलो. दाहोदला बस थांबली, चहा घेतला, तो इतका गरम होता की जीभ पोळली. तिथेच स्टँडवर मी ओरडलो, कप खाली पडला, चहावाला हसला. मग मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, ते गोध्ऱ्यापर्यंत थांबेना. शेजारी बसलेल्या काकांनी जीभ एवढी पोळली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

उन्मेषला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला खरंच फुंकता येत नव्हतं?" किती तरी दिवसांनी त्यानं मला प्रश्न विचारला.

महिनाअखेरीच्या फोटोला मी येतो. फुप्फुस उघडलं असेल की नाही, मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तोवर एक करा. तिला फुंकायला सांगू नका, बाटली पुढे करू नका, शाबासकीही देऊ नका. दुपारी ओसरीवर जाऊन तुम्ही स्वतः फुंकत बसा, आणि तुम्हाला येत नाही असं दाखवा. तुम्हाला ते फार जड जाईल, मला ठाऊक आहे. तरी दाखवा.

आपला,
विश्वंभर